हेलियम विजयदुर्गावर सापडला का?

दरवर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, असे लेख छापून येतात. घाटकोपर-मुलुंडकडच्या शालेय विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवरही हे वाक्य मी वाचले आहे. १८६८ साली नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यातील 'साहेबाच्या कट्ट्यां'वरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि त्याला नवे मूलद्रव्य दिसले, अशी ती कथा. ती तारखांच्या कसोटीलाच उतरत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे शोधामागचे विज्ञान ती उलटे करून सांगते.

त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात ठळक रेषा दिसल्या. त्यांपैकी नारिंगी रेषा हर्शेल यांनी सोडियमची मानली. त्यात नवल नाही. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, आणि ही ५८७.६ वर! एवढा बारीक फरक काही मिनिटांत ओळखायचा कसा? त्यातून सूर्यबिंब झाकलेले, म्हणजे त्याच्या वर्णपटातील नेहमीच्या काळ्या रेषा, अर्थात मोजपट्टीच, नाहीशी झालेली.

दुसऱ्याच दिवशी जान्सन यांनी ग्रहण नसतानाही ज्वालांच्या रेषा पाहिल्या. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे तेच साधले. युक्ती साधी आहे. वर्णपट खूप पसरवला की आकाशाचा उजेड फिका पडतो, पण ज्वालांचा प्रकाश मोजक्या रेषांतच असल्याने त्या ठळक राहतात. आता काळ्या सोडियम रेषा आणि त्यांच्या शेजारची पिवळी रेषा एकत्र दिसू लागली, आणि दोन्ही वेगळ्या आहेत हे निवांतपणे मोजता आले. म्हणजे या शोधाला ग्रहण नव्हे, ग्रहणाचा अभाव उपयोगी पडला! वर्गात सांगण्याजोगी गोष्ट ही आहे, आणि नेमकी तीच तक्त्यावर नसते.

'जान्सन आणि लॉकियर यांनी मिळून हेलियम शोधला' हे पाठ्यपुस्तकी वाक्यही सैलच आहे. फ्रान्सने दोघांच्या नावे काढलेले पदक ज्वाला पाहण्याच्या या पद्धतीसाठी होते. नव्या मूलद्रव्याची कल्पना लॉकियर यांची, आणि बरीच वर्षे अनेकांना ती पटली नव्हती. कारण उघड आहे. हेलियम कशाशीच संयोग पावत नाही, मग प्रयोगशाळेत तो हाती लागणार कसा? अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅम्झे यांना तो क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजात मिळाला. युरेनियमच्या किरणोत्सर्गातून बाहेर पडणारा अल्फा कण म्हणजे हेलियमचेच केंद्रक, हे नंतर उमगले. आज अंधेरी-बोरिवलीच्या रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांची चुंबके थंड राखणारा द्रव हेलियम तो हाच. उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळणारा.

मग कट्टे कुठले? लॉकियर विजयदुर्गला खरोखर आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, 'मेलपोमेनी' या युद्धनौकेवरील मंडळींना मदतीला घेऊन. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडून जवळजवळ तीन वर्षे झाली होती. तक्ता करायचाच तर या मोहिमेचा करावा. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊरला तळ ठोकला होता. त्यांचे नाव मात्र मी अजून एकाही तक्त्यावर पाहिलेले नाही.