‘दान’ या शब्दाची कसोटी

काझुओ इशिगुरो यांची ‘नेव्हर लेट मी गो’ ही कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली. लेखकाला २०१७ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक लाभले. त्या कादंबरीवर मार्क रोमॅनेक यांनी २०१० साली काढलेला त्याच नावाचा चित्रपट मात्र उपेक्षितच राहिला. तिकीटबारीवर त्याचा खर्चही भरून निघाला नाही. विज्ञानकथा म्हणून पाहावयास गेलेल्यांना त्यात अद्भुत यंत्रे दिसली नाहीत. आणि ही मुले पळून का जात नाहीत, हा प्रश्न अनेकांना सलत राहिला. माझ्या मते त्या प्रश्नातच या कलाकृतीचे मर्म आहे.

कॅथी, रूथ आणि टॉमी इंग्लंडमधील हेलशम या निवासी शाळेत वाढतात. इतरांना अवयव पुरवावेत, एवढ्यासाठीच त्यांना प्रयोगशाळेत जन्मास घातलेले आहे. कादंबरी हे सत्य हळूहळू उलगडते; पटकथाकार ॲलेक्स गारलँड ते बरेच आधी सांगून टाकतात. त्यामुळे रहस्याची गोडी उणावते, हे खरे. रूथचे गुंतागुंतीचे मनही काहीसे आक्रसते. परंतु प्रेक्षक आता रहस्याची नव्हे, तर कुणाच्या तरी नकाराची वाट पाहू लागतो. तो नकार येत नाही. कुंपणापलीकडे गेलेला चेंडू आणावयासही कोणी धजत नाही. मुले मनगटावरचा पट्टा दाराजवळच्या यंत्राला मुकाट्याने लावतात. हा पट्टा कादंबरीत नाही. ती चित्रपटाची स्वतःची भर आहे. जेथे आज्ञाधारकपणा लहानपणीच अंगी मुरवला जातो, तेथे पहारेकऱ्यांची गरज उरत नाही.

या जगात अवयव काढून घेण्यास ‘दान’ म्हणतात आणि मृत्यूस ‘पूर्ण होणे’. वाचकहो, दान कोणते? नाही म्हणण्याचा अधिकार असूनही जो देतो, त्याचे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली ‘इव्हान्जेलियम विते’ या परिपत्रकात नीतीला धरून केलेल्या अवयवदानाचा गौरव केला, तो याच स्वातंत्र्यामुळे. येथे शब्द दानाचा आहे, व्यवहार लुटीचा. शस्त्रक्रियेच्या मेजावर रूथचा प्राण जातो आणि हवे ते घेऊन मंडळी निघून जातात, त्या दृश्यात कोणी क्रूरपणे बोलत नाही. म्हणूनच ते असह्य होते.

मुलांची चित्रे शाळेने का जमवली, याचा उलगडा शेवटी होतो: या मुलांना आत्मा आहे की नाही, हे जगाला पटवून द्यावयाचे होते. शाळा चालविणाऱ्या बाई दयाळू होत्या, तरीही पुरावा मात्र त्यांनी मुलांकडूनच मागितला. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या चित्रकलेवर अवलंबून नसते, ती जन्मासोबतच येते. रात्रीच्या रस्त्यावर टॉमी जो आक्रोश करतो, त्याहून मोठा पुरावा कोणता हवा?

घरातील जाणत्या मुलांसोबत हा चित्रपट अवश्य पाहावा. मुले पळाली का नाहीत, हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: ज्यांना ते अवयव मिळाले, त्यांच्यापैकी कोणीच ते कोठून आले, असे का विचारले नाही?