भयाचा पुरावा

मुरूडजवळ समुद्राकडे पाहत उभा असलेला जंजिरेकर नबाबांचा राजवाडा ज्यांनी रामसे बंधूंच्या ‘पुरानी हवेली’त (१९८९) पाहिला असेल, त्यांना अल्प खर्चाच्या भयपटाची जुनी रीत निराळी सांगावी लागणार नाही. खर्च हात राखून करावा, मात्र तो तसा दिसू नये, यासाठी आयती भव्य वास्तू, धुके, रंगीत प्रकाश आणि अखेरीस मुखवटा चढवलेला राक्षस असा सरंजाम मांडला जाई. गेल्या पाव शतकात ‘फाउंड फूटेज’ या नावाने नावारूपास आलेल्या भयपटाने ही रीतच उलटवली. बेपत्ता अथवा मृत माणसांच्या मागे सापडलेले चित्रण तेवढे आपल्यापुढे ठेवले आहे असे भासवून त्याने आपले दारिद्र्य झाकले नाही, तर पंचनाम्यातील मुद्देमालासारखे ते पुराव्यादाखल हजर केले.

या प्रकाराचे स्तुतिपाठक प्रथम जमाखर्च पुढे करतात. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) सुमारे ६०,००० डॉलरांत चित्रित झाला आणि त्याने जगभर २४ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. ओरेन पेली यांनी स्वतःच्या घरात सुमारे १५,००० डॉलरांत घडवलेल्या ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ने १९ कोटींच्या वर मजल मारली. परंतु थोड्या भांडवलावरचा अपार नफा हे व्यापारातील यश होय. कलेच्या दरबारात त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

ग्राह्य साक्ष निराळी आहे, आणि ती अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर लहानपणी चकव्याच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला चटकन पटावी. रात्री ओळखीच्या वाटेने घराकडे निघालेला माणूस चालचालून थकतो आणि पहाटे पाहतो तो निघाल्या ठिकाणीच उभा! या गोष्टीत भूत दिसत नाही. सांगणारा केवळ जागा, वेळ आणि माणसाचे नाव सांगतो, आणि त्या जबानीतच तिचे सारे बळ असते. ‘ब्लेअर विच’मधील तिघे तरुण दिवसभर दक्षिणेकडे चालून संध्याकाळी ओढ्यावरच्या त्याच ओंडक्यापाशी परततात, तो मेरीलँडच्या अरण्यातला चकवाच आहे. दिग्दर्शकांनी नटांच्याच हाती कॅमेरे दिले, त्यांचे अन्न दिवसेंदिवस कमी केले, आणि प्रत्येकाला स्वतंत्र चिठ्ठीने सूचना धाडल्या. म्हणून त्यांच्या चेहऱ्यावरचा शीण अभिनयाच्या पलीकडे जातो, आणि न दिसणाऱ्या संकटाला त्या शिणाचेच शरीर लाभते.

मात्र या प्रकाराला एक प्रश्न चुकवता येत नाही. जीव मुठीत धरून पळणारा माणूस कॅमेरा टाकून का देत नाही? पेली यांनी शय्येसमोर तिवईवर कॅमेरा ठेवून तो सोडवला. पवन कृपलानी यांच्या ‘रागिनी एमएमएस’ने (२०११) दिलेले उत्तर अधिक विदारक आहे: तेथील कॅमेरे तरुणीच्या नकळत, तिच्या अब्रूचा सौदा करण्यासाठी लावलेले आहेत, आणि म्हणून मराठी बोलणाऱ्या त्या घरातल्या भुतापेक्षा ती पाळतच अधिक भयंकर ठरते. खेद एवढाच, की चित्रपट हे सूत्र अर्ध्यावर टाकून झपाटलेल्या घराच्या जुन्या आश्रयास जातो. अनुकरणांच्या पिकात तर उत्तर देण्याची तसदीही कोणी घेत नाही; हलणारी चौकट, लांबवलेला कंटाळा आणि शेवटची किंकाळी एवढ्यावर वास्तवाचा दावा दाखल होतो.

हा दावा कधी काळी किती प्रभावी होता, हे ‘कॅनिबल होलोकॉस्ट’च्या (१९८०) इतिहासावरून कळते: आपले नट जिवंत आहेत हे दिग्दर्शक रुग्गेरो देओदातो यांना इटलीच्या न्यायालयात सिद्ध करावे लागले होते. आज घरोघरी हातात कॅमेरा आल्यावर चित्रणावरचा तो भाबडा विश्वास ओसरला आहे. तेव्हा खरेपणाची बतावणी वजा केल्यावर भय शिल्लक राहते काय, हीच कसोटी उरते. ‘ब्लेअर विच’ तीत निःसंशय उतरतो, ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ अर्धाअधिक. बाकीच्या बहुतेकांचा लौकिक उसना आहे. तरीही कोकणातील एखाद्या होतकरू दिग्दर्शकाने या प्रकाराकडे पाठ फिरवू नये. त्याच्यापाशी राजवाडा भाड्याने घेण्याइतका पैसा नसला तरी चालेल. पाहणारा कोण, तो का पाहतो आहे आणि त्याला काय दिसत नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र चित्रीकरणाला निघण्यापूर्वी त्याच्याजवळ असली पाहिजेत.