मातृत्व आणि पिंजरा : जेन गुडाल यांच्या लेखनातील एक पेच

जेन गुडाल यांचे ‘इन द शॅडो ऑफ मॅन’ (१९७१) हे पुस्तक प्रामुख्याने चिंपांझींच्या वर्तनाचा अभ्यास म्हणून वाचले जाते. तथापि, टांझानियातील गोम्बेच्या अरण्यात तान्हे मूल वाढवणाऱ्या आईचे कथन म्हणूनही त्याचा विचार व्हायला हवा. १९६७ मध्ये जन्मलेल्या मुलाचे, म्हणजे ‘ग्रब’चे, संगोपन करताना गुडाल यांनी फ्लो या चिंपांझी मादीच्या संयमी व वत्सल मातृत्वाचा आदर्श समोर ठेवला. मात्र चिंपांझी हे बबून व कोलोबस माकडांची पिल्ले मारून खातात, हेही त्यांच्याच निरीक्षणांतून पुढे आले होते. परिणामी ग्रबच्या सुरक्षिततेसाठी पिंजरा उभारावा लागला. ज्या प्राण्याकडून आईपण शिकायचे, त्याच्यापासूनच मूल जपायचे, हा या कथनातील मूलभूत पेच होय. गुडाल तो लपवत नाहीत. त्यामुळे निसर्गाचे भाबडे उदात्तीकरण टळते.

मर्यादा अन्यत्र आहे. गुडाल तेथे येण्यापूर्वी चिंपांझींनी त्या परिसरातील दोन आफ्रिकी अर्भके उचलून नेल्याची नोंद पुस्तकात आहे. पण ती ओझरती. त्या अर्भकांना नाव नाही, त्यांच्या मातांना आवाज नाही. ग्रबच्या संगोपनाला मात्र स्वतंत्र जागा मिळते. वन्य प्राण्यांच्या सहवासातील बालपण रम्य ठरते, ते संरक्षणाची साधने हाती असलेल्या कुटुंबासाठी. म्हणूनच अशा लेखनाची समीक्षा करताना, ज्यांना पिंजराही लाभला नाही त्या मुलांची दखल घेणे अगत्याचे ठरते.