टिशियनच्या चित्राखालचं रेशीम

बोस्टनच्या इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर संग्रहालयात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका दालनात चित्रकार टिशियनचं ‘युरोपा’ हे चित्र आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी 1559 ते 1562 या काळात रंगवलेलं. पांढऱ्या बैलाचं रूप घेतलेला झ्यूस राजकन्या युरोपाला पळवून भर समुद्रात शिरला आहे. सख्या दूर किनाऱ्यावर, ठिपक्यांएवढ्या उरल्या आहेत. युरोपाचा तोल गेलाय. एका हाताने तिने शिंग घट्ट धरलंय, दुसऱ्या हातातलं तांबडं वस्त्र वाऱ्यावर उडतंय. उंचावलेल्या त्या हाताची सावली तिच्या चेहऱ्यावर पडली आहे.

हे सगळं टिशियनचं. पण नजर चौकटीच्या खाली उतरली, की दुसऱ्या कलावंताचं काम सुरू होतं.

चित्राखाली भिंतीवर फिकट रंगाच्या रेशमाचा एक तुकडा ताणून लावला आहे. त्यावर गोंड्यांची नक्षी. पॅरिसचे वेशभूषाकार वर्थ यांच्याकडून शिवून घेतलेल्या स्वतःच्या गाउनचं हे कापड, संग्रहालय उभारणाऱ्या इझाबेला गार्डनरबाईंनी इथे लावलं. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी होते, तेव्हा कापडाबरोबर तिचा स्पर्शही घरात राहतो. इथे तर अंगावरचं वस्त्र थेट टिशियनच्या पायाशी आलं आहे. वर वाऱ्यावर उडणारं रंगवलेलं वस्त्र, खाली स्थिर झालेलं खरंखुरं. स्वतःचं नाव न कोरता केलेली ही सही आहे.

याच दालनात व्हेलाझ्केझने रंगवलेला चौथा फिलिप उभा आहे. ज्या राजासाठी ‘युरोपा’ जन्माला आलं, त्याचा हा नातू. भिंतीवर माहितीची पाटी नाही. हे नातं ज्याचं त्याने ओळखायचं. खिडकीजवळ, बेलिनीच्या परंपरेतल्या क्रूसवाहक ख्रिस्ताच्या लहानशा चित्रापुढे गार्डनरबाई व्हायोलेटची फुलं ठेवत. राजवैभव, आसक्ती आणि वेदना एकाच खोलीत, एकमेकांकडे पाहत. किमती वस्तू गोळा करायला पैसा पुरतो. त्यांना एकमेकींशी बोलतं करायला नजर लागते.

ती नजर सुखातच घडली असं नाही. 1840 मध्ये न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरात जन्मलेल्या इझाबेलांचं लग्न 1860 मध्ये बोस्टनच्या जॅक गार्डनर यांच्याशी झालं. 1865 मध्ये एकुलता एक मुलगा गेला. त्याला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. पुढे प्रवास आला, व्हेनिसचं वेड आलं. 1891 मध्ये वडिलांची मोठी इस्टेट हाती आली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पॅरिसच्या लिलावात व्हर्मीरचं ‘द कॉन्सर्ट’ घेतलं. ‘युरोपा’ 1896 मध्ये, कलातज्ज्ञ बर्नार्ड बेरेन्सन यांच्यामार्फत. 1898 मध्ये जॅक गेले. दोघांनी मिळून पाहिलेलं संग्रहालयाचं स्वप्न मग एकटीने उभं केलं: मध्ये काचेच्या छताचा चौक, भोवती व्हेनिसच्या राजवाड्यासारखे सज्जे. 1903 मध्ये ते खुलं झालं. बाई स्वतः चौथ्या मजल्यावर राहत.

1924 मध्ये त्या गेल्या. मांडणीत बदल करायचा नाही, अशी अट मृत्युपत्रात होती. वरवर हा श्रीमंताचा हट्ट वाटतो. पण कवितेतले शब्द जसे जागचे हलवता येत नाहीत, तशीच ही रचना आहे, हे ‘युरोपा’खालचं रेशीम पाहिलं की पटतं.

18 मार्च 1990 च्या पहाटे पोलिसांच्या वेशातल्या दोन चोरांनी इथल्या 13 कलाकृती नेल्या. व्हर्मीरचं ‘द कॉन्सर्ट’ गेलं, रेम्ब्रांटचं ‘गॅलिलीच्या समुद्रावरचं वादळ’ गेलं. या कलाकृती अजून सापडलेल्या नाहीत. रिकाम्या चौकटी मात्र आपापल्या जागी टांगलेल्या आहेत. मांडणी इतकी जिवंत, की त्यातली रिकामी जागाही कुणाची आहे ते कळतं.

आणि दरवर्षी वसंतात चौकाच्या सज्ज्यांवरून नॅस्टर्शियमच्या लांबलचक केशरी वेली खाली सोडतात. ही प्रथा बाईंचीच. त्यासाठी हिवाळाभर काचघरात कुणीतरी वेली वाढवत असतं. भिंती मृत्युपत्राने राखल्या; फुलं मात्र दर वर्षी नव्याने लावावी लागतात. रसिकतेचा वारसा असाच, हातांनी, पुढे जातो.