गरिबाचा दावा आणि कायद्याची भाषा

कायद्याचें पुस्तक कोणी वाङ्मय म्हणून वाचीत नाहीं. परंतु ज्या शब्दांवर गरिबाची जमीन राहावयाची किंवा जावयाची, ते शब्द पारखून घेणें टीकाकारालाहि अनुचित नाहीं. १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा या दृष्टीनें वाचण्याजोगा आहे.

१९०८ च्या दिवाणी संहितेनें निर्धन वादीला कोर्ट-फीची सवलत दिली. त्याला वकील नेमून देण्याची तरतूद मात्र १९७६ च्या दुरुस्तीनें आली. त्याच वर्षीं राज्यघटनेंत ३९-अ हें कलम दाखल झालें. पण तें पडलें मार्गदर्शक तत्त्वांत, तेव्हां तेवढ्यावर दाद मागतां येईना. १९९५ सालीं अंमलांत आलेल्या प्रस्तुत कायद्यानें बाराव्या कलमांत गरिबाला ‘हक्कदार’ म्हटलें आणि दिवाणी दावाहि आपल्या कक्षेंत घेतला. स्त्रियांना व अनुसूचित जाति-जमातींना तर उत्पन्नाची अटहि ठेविली नाहीं. याबद्दल कायदेकारांना धन्यवादच दिले पाहिजेत.

परंतु तेरावें कलम म्हणतें कीं, अर्जदाराची बाजू प्रथमदर्शनीं टिकण्यासारखी आहे अशी प्राधिकरणाची खात्री झाली पाहिजे. श्रीमंताला ही परीक्षा नाहीं. फी मोजली कीं दुबळ्या दाव्यालाहि वकील मिळतो. आतां जालना जिल्ह्यांतील एखादी विधवा दिराकडे जमिनीचा वांटा मागते आहे, अशी कल्पना करा. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखालीं होता; त्या काळचे महसुली कागद बहुधा उर्दूंत. ते शोधावे, नकला घ्याव्या, जाणत्याकडून वाचून घ्यावे, तेव्हां कोठें बाजू दिसूं लागणार. ज्या कामासाठीं वकील पाहिजे, तेंच काम आधीं करून आण, असें तिला सांगण्यापैकींच हें नव्हे काय?

फोल दाव्यांवर सार्वजनिक पैसा खर्च होऊं नये, हा आक्षेप रास्त आहे. पण ‘विधि सेवा’ या शब्दाच्या व्याख्येंत सल्लाहि येतो. तो आधीं द्यावा, कागद मिळवून द्यावे, आणि मग बाजू पारखावी. उत्पन्नाविषयीं प्रतिज्ञापत्र पुरेसें मानण्याची मुभा देणाऱ्या कलमानें दाव्याविषयींहि इतका धीर धरावयास हरकत नव्हती.

हा प्रश्न आपल्याच देशापुरता नाहीं. आयर्लंडमधील एअरी नांवाच्या बाईला पतीपासून कायदेशीर विभक्त व्हावयाचें होतें, पण वकिलाची फी देण्याची ऐपत नव्हती. कोर्टांत स्वतः उभें राहण्याची मोकळीक तिला होती, तरी तिच्यासारखीला ती पुरेशी नाहीं, असें युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें १९७९ सालीं ठरविलें.

‘हक्कदार’ हा शब्द बाराव्या कलमानें दिला. तेराव्यानें तो परत घेऊं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.