झांज गप्प बसते तेव्हा

ड्रमसेटमधली झांज म्हणजे निव्वळ झगमगाट, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. लय सांभाळायची ड्रमने आणि कडवे संपले की झांजेने टाळी मिळवायची! ही समजूत मोडली ती झांजाच नसलेल्या एका अल्बमने.

इंग्लिश गायक पीटर गॅब्रिएल याने १९८० सालच्या आपल्या तिसऱ्या अल्बमसाठी फिल कॉलिन्स आणि जेरी मरोटा या ड्रमवादकांना झांजा वाजवण्यास मनाई केली. त्यातले पहिले गीत ‘इंट्रूडर’ घरात शिरणाऱ्या घुसखोराचे आहे. कॉलिन्सचा ठोका खोलीभर दणाणतो आणि कापल्यासारखा थांबतो. याचे श्रेय बहुधा ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम यांच्या ‘नॉइज गेट’ला दिले जाते. आवाज ठरावीक पातळीखाली उतरला की हे यंत्र त्याची वाट बंद करते. माझ्या मते निम्मे श्रेय झांजेच्या गैरहजेरीचे आहे.

ड्रमचा ठोका लवकर विरतो. काशाची झांज मात्र कितीतरी वेळ घुमत राहते. तिच्यातून असंख्य कंपने एकदम उठतात, म्हणून तिला ठाम असा एक स्वर नसतो. दोन ठोक्यांमधली पोकळी ती भरून काढते. ती इथे वाजली असती, तर तिच्या घुमण्याने यंत्राची वाट उघडीच राहिली असती. घुसखोर दबा धरून बसतो ती शांतता मग उरलीच नसती.

याउलट माइल्स डेव्हिसच्या १९६९ सालच्या ‘इन अ सायलेंट वे’ मधली ‘श्श/पीसफुल’ ही रचना ऐकावी. तिथे टोनी विल्यम्स मुख्यतः हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, सुमारे अठरा मिनिटे लय धरून ठेवतो. त्याआधी, १९४०च्या सुमारास, केनी क्लार्कने जॅझची मूळ लय पायातल्या मोठ्या ड्रमवरून राइड झांजेवर आणली होतीच.

कीर्तनात पखवाज एकाच्या हाती असतो, टाळ दुसऱ्यांच्या. ड्रमसेटमध्ये अवनद्ध आणि घन ही दोन्ही वाद्ये एकच माणूस वाजवतो. म्हणून झांज काढून घेतली की त्याच्या हातांची सवयच मोडते.

गॅब्रिएलचा हा अल्बम सलग ऐकताना कान थकतो, हेही खरे. पण तो संपल्यावर दुसरे कोणतेही गाणे लावावे. झांजेचा पहिला स्पर्श होताच खिडकी उघडल्यासारखे वाटते.