'स्मृतिचित्रां'तील 'टिळक' : निवेदनातील अंतराचा विचार

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'विषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्या लेखनात एक शब्द पुनःपुन्हा भेटतो. तो म्हणजे 'सहजता'. शाळेची पायरी न चढलेली एक स्त्री बोलावे तशी लिहीत गेली आणि त्यातून हा अपूर्व ग्रंथ सिद्ध झाला, अशी एक समजूत आपल्या अध्यापनात रूढ आहे. ती वरवर गौरवाची वाटते. वस्तुतः तिच्या पोटी एक नकार दडलेला आहे. जे सहज घडले त्याचे श्रेय स्वभावाला जाते, कलेला नव्हे. आणि ज्याचे श्रेय स्वभावाला गेले त्याची रचना तपासण्याचे कारणच उरत नाही. या समजुतीला बाध आणणारा पुरावा खुद्द ग्रंथातच आहे आणि त्याची सुरुवात एका नावापासून होते.

ग्रंथाचे मूळ प्रयोजन लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र हे नव्हतेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले. त्यांचे चरित्र सिद्ध व्हावे ही त्यांचे पुत्र देवदत्त यांची इच्छा होती, आणि त्यासाठी मातोश्रींनी आपल्या आठवणी लिहून काढाव्यात असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे लेखनाच्या आरंभी लक्ष्मीबाईंची भूमिका साक्षीदाराची होती. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत ग्रंथ बाहेर पडला तेव्हा मात्र साक्ष देणाऱ्या व्यक्तीनेच मध्यभागी ठाण मांडलेले होते, आणि ज्यांचे चरित्र व्हायचे ते त्या कथेतील एक पात्र झाले होते.

हे पात्र 'टिळक' या नावाने वावरते. 'आमचे हे' नाही, 'इकडून' नाही, 'स्वारी' नाही, थेट 'टिळक'. ज्या समाजात पतीचे नाव उच्चारायचे तर उखाण्याचा आडोसा घ्यावा लागे, त्या समाजात वाढलेल्या स्त्रीची ही निवड आहे. हिचे महत्त्व कळावे म्हणून रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० चे पुस्तक शेजारी ठेवून पाहावे. तेथे न्यायमूर्तींचा निर्देश 'स्वतः' या शब्दाने होतो. त्या शब्दात आदर आहे, संकोच आहे, आणि एक विलक्षण व्याकरणही आहे: पत्नीच्या लेखनात 'स्वतः' म्हणजे पती. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात 'मी' आणि 'टिळक' अशी दोन वेगळी माणसे आहेत. त्या दोघांत अंतर आहे म्हणूनच एकाला दुसऱ्याकडे पाहता येते. (मराठी वाचकाच्या कानी 'टिळक' म्हटले की दुसरेच एक नाव प्रथम येते; त्या नावाच्या दबदब्याला न जुमानता हे नाव इतके घरगुती करून टाकणे हाही एक पराक्रमच म्हणायचा.)

या अंतरातून जे दिसते ते पतीच्या भक्तांना सोयीचे नाही. हाती पैसा टिकू न देणारा, क्षणात संतापणारा व क्षणात विरघळणारा, न सांगता घरातून निघून जाणारा आणि परतल्यावर काही घडलेच नाही असे वागणारा हा पुरुष आहे. तो थोर कवी आहे, परदुःखाने खरोखर कळवळतो, आणि संसाराच्या कामाचा नाही. लक्ष्मीबाई यांतले काहीही वगळत नाहीत. तथापि त्यावर निर्णयही देत नाहीत. प्रसंग सांगावा आणि थांबावे, अशी त्यांची रीत आहे. हसू येते ते वाचकाला. ते ओसरल्यावर त्या प्रसंगात घरी धान्य नव्हते, पदरी मूल होते, हे त्याच्या ध्यानात येते.

येथेच एक आक्षेप घेता येईल. या विनोदाने पतीचे अपराध सौम्य होत नाहीत काय? हसत सांगितलेले दुःख म्हणजे अर्धी क्षमाच, असे मानणारे वाचक आहेत, आणि ग्रंथ 'क्षमाशील' आहे म्हणून त्याची थोरवी गाणारेही आहेत. हा प्रश्न तपासायचा तर १८९५ च्या प्रकरणाशी थांबावे लागते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नीला पूर्वकल्पना दिलेली नव्हती. पुत्र दत्तू तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. त्यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नींचा वियोग झाला आणि लक्ष्मीबाईंना पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी नातलगांच्या आधाराने राहावे लागले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशी ती स्थिती होती आणि तिला रूढीत नावही नव्हते.

या भागाचे लेखन अभ्यासण्यासारखे आहे. एखाद्या भावविवश लेखिकेने येथे शोकाचा पूर आणला असता. लक्ष्मीबाई आपल्या मनःस्थितीचे वर्णन फार थोड्या शब्दांत आटोपतात आणि भोवतालच्या माणसांकडे वळतात: कोणी काय बोलले, कोणी कोणता सल्ला दिला, कोणी जिवाच्या भीतीने पाळत ठेवली. दुःखाचे माप दुसऱ्यांच्या हालचालींवरून घ्यायचे, ही त्यांची पद्धत आहे. तिला क्षमा म्हणता येणार नाही. क्षमा करणारा हिशेब पुसतो. येथे तो बारकाईने मांडलेला आहे, फक्त बेरीज वाचकावर सोपवली आहे.

रचनेचा दुसरा पुरावा सोवळ्याच्या सूत्रात सापडतो. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा, गोखले घराण्यातला. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या मातामहांना फाशी झाली, आणि त्या घटनेपासून वडिलांच्या मनाने जो धसका घेतला त्याचे पर्यवसान सोवळ्याच्या वेडात झाले. बाहेरून आलेली वस्तू पाण्यातून काढल्याखेरीज घरात येऊ नये, इथपर्यंत ते वेड गेले होते आणि घरातील बायकामुले त्यात भरडून निघत होती. हे सारे ग्रंथाच्या आरंभी येते व अत्यंत गमतीने येते. पुष्कळ पाने उलटल्यावर तीच मुलगी ख्रिस्ती पतीच्या घरी परतते, आरंभी आपली चूल व पाणी निराळे ठेवते, आणि मग तिच्या सोवळ्याची एकेक गाठ सुटत जाते. १९०० मध्ये राहुरी येथे तिने बाप्तिस्मा घेतला. ही मनःक्रांती पतीच्या उपदेशाने घडली असे पुस्तक सांगत नाही. माणसामाणसांतील भेद माणसांनीच केले, हा विचार तिला स्वतःच्या वाटेने सुचतो. वडिलांचे वेड आधी वाचलेले असल्यामुळे वाचकाला ती वाट ठाऊक असते. जलालपूरच्या घरातले पाणी आणि नगरच्या घरातले निराळे भांडे यांचा संबंध लेखिका कोठेही बोलून दाखवीत नाही. पण तो लागतो, आणि ही योजना आहे, योगायोग नव्हे.

निरागस वाटणाऱ्या निवेदनाला निरागस समजण्याची चूक एकट्या मराठी समीक्षेने केलेली नाही. कॅटलन लेखिका मर्से रुदुरेदा (१९०८–१९८३) यांनी निर्वासित अवस्थेत लिहिलेली 'ला प्लासा देल दियामान' ही कादंबरी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची नायिका नातालिया ही बार्सेलोनातली कष्टकरी स्त्री. युद्ध, उपासमार, वैधव्य हे सारे ती घरगुती बोलीत, लहानसहान वस्तूंच्या आधाराने सांगते. नवऱ्याने तिचे नाव बदलून 'कुलुमेता', म्हणजे 'कबुतरी', असे ठेवलेले असते. ही नायिका भोळी व बावळट आहे असा अभिप्राय निघाला, तेव्हा वीस वर्षांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत रुदुरेदांनी तो ठामपणे खोडून काढला. नातालिया काल्पनिक आहे आणि लक्ष्मीबाई प्रत्यक्षातल्या, हा भेद मोठा आहे. तरी माहेरची मनकर्णिका सासरी लक्ष्मी झाली आणि पुढे तिनेच नाव देणाऱ्याला केवळ आडनावाने कथेत उभे केले, हे या तुलनेमुळे अधिक उठून दिसते. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र असे उत्तर देण्याची संधी आली नाही. चौथा भाग अपुरा असतानाच २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचा अंत झाला.

सहजतेच्या समजुतीला सर्वांत अडचणीचा ठरतो तो 'ख्रिस्तायन' हा ग्रंथ. टिळकांनी आरंभिलेले हे ओवीबद्ध महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. चौसष्ट अध्याय ओवी सांभाळणारी, दुसऱ्याने घालून दिलेल्या घाटात स्वतःला बसवणारी लेखिका गद्याकडे वळताना रचनेचे भान विसरली, असे मानायला काहीच आधार नाही. उलट 'ख्रिस्तायना'त त्यांनी टिळकांचा स्वर पुढे चालवला आणि 'स्मृतिचित्रां'त तो जाणूनबुजून टाळला, असेच म्हणावे लागते. पाठ्यक्रमात मात्र पहिला ग्रंथ भक्तिपर म्हणून बाजूला राहतो आणि दुसरा संक्षिप्त रूपात नेमला जातो. प्रसंगामागून प्रसंग रचत जाणाऱ्या या पुस्तकात संक्षेपाने नेमके काय जाते, हे अशोक देवदत्त टिळकांनी सिद्ध केलेल्या संपूर्ण, सटीप आवृत्तीशी ताडून पाहिल्याखेरीज कळत नाही.

ग्रंथ सर्वत्र सारख्या तोलाचा आहे असे नाही. बालकवी ठोंबरे नगरच्या घरात राहिले तो भाग, प्लेगच्या दिवसांतील शुश्रूषेचा भाग, हे अतिशय भरीव आहेत. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला, तेव्हा १८९५ ची छाया पुन्हा पडते आणि निवेदन पुन्हा धारदार होते. टिळकांच्या मृत्यूनंतरचा, कराचीकडचा मजकूर मात्र सैल आहे. माणसे येतात, जातात, त्यांच्या गमती होतात; पण जिच्याशी झुंजायचे ती व्यक्तीच आता पटावर नाही. चौथा भाग शेवटी देवदत्तांना पुरा करावा लागला, आणि लेखणी कोणत्या पानावर बदलली हे नवख्या वाचकालाही ओळखू येते. तेथून पुढे विनोद संपतो.